अवजड यंत्रांचा प्रवास आणि वाटेवरची माणसे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत विशाखापट्टणम येथे दिलेले भाषण)



व्याख्यानमालेत माझ्या आधी बोललेल्या विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि मराठ्यांचा इतिहास असे रसाळ विषय आपल्यापुढे मांडले. त्यांच्यानंतर लोखंड, तुळया आणि जहाजे यांविषयी बोलण्यास उभे राहणे हे काहीसे धाडसाचेच आहे. मी कला शाखेचा पदवीधर. यंत्रशास्त्राचे रीतसर शिक्षण मला नाही. परंतु सीमाशुल्क खात्यातील नोकरीने मला बंदराच्या धक्क्यावर आणून सोडले, आणि कागदावर ज्याचे वर्णन ‘एक नग’ एवढेच असते तो नग प्रत्यक्षात तिमजली घराएवढा असू शकतो, हे तेथे पाहावयास मिळाले. त्या कुतूहलापोटी जे वाचले आणि जाणत्यांकडून ऐकले, तेच आज सांगणार आहे.

विषयाला आपल्या या गावाचाही आधार आहे. येथील बंदर १९३३ साली जहाजांना खुले झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४१ साली येथेच जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला; डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तो समारंभ झाला. पुढे १४ मार्च १९४८ रोजी ‘जल उषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते याच पाण्यात उतरले. अवजड दाबपात्रे बनविणारा सरकारी कारखाना १९६६ साली येथे निघाला आणि पोलादाचा कारखानाही आला. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे याच उद्योगांच्या निमित्ताने या किनाऱ्याला लागली. म्हणून जड वस्तू दूर नेण्याचा विचार या सभागृहात परका वाटणार नाही, अशी आशा आहे.

सरकारी नोकरीतील माणसाला सामान बांधण्याचा अनुभव काही थोडा नसतो. बदलीचा हुकूम आला की आपण पलंगाचे खिळे काढतो, कपाटाच्या फळ्या सुट्या करतो, झोपाळ्याच्या कड्या वेगळ्या बांधतो. परंतु पाटा-वरवंटा आला की सारी युक्ती संपते. पाटा सुटा करता येत नाही. तो फोडला तर तो पाटा उरत नाही. तो उचलायचा तर दोन माणसे लागतात आणि न्यायचा तर अख्खाच न्यावा लागतो. उद्योगधंद्यांतही असे पाटे असतात. वाहतुकीच्या परिभाषेत त्यांना ‘ओ. डी. सी.’, म्हणजे ठरावीक मापांपेक्षा मोठा माल, असे म्हणतात.

जगातील बहुतेक तयार माल आज कंटेनरमधून हिंडतो. वीस किंवा चाळीस फूट लांबीची ही पोलादी पेटी जहाजावरून आगगाडीवर आणि आगगाडीवरून ट्रकवर सहज चढते. परंतु तिचे दार सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद, आणि पेटीसकट एकूण वजन साधारण तीस टनांपर्यंत. ज्या वस्तू या दारातून आत जात नाहीत त्यांचे जगच निराळे. पाचशे मेगावॉटच्या वीजसंचातील जनित्राचा स्थिर भाग दोन-अडीचशे टनांचा असतो. अतिउच्च दाबाचा रोहित्र, ज्याला आपण ट्रान्सफॉर्मर म्हणतो, तेल काढून घेतल्यावरही दोनशे टनांपर्यंत भरू शकतो. तेलशुद्धीकरण कारखान्यातील मनोरे आणि दाबपात्रे तर याहूनही मोठी असतात.

मग हे सुटे का करू नये, असे कोणीही विचारील. दाबपात्राचे उदाहरण घ्या. त्याच्या जाड पोलादी पत्र्यांना वितळजोड दिल्यावर धातूमध्ये ताण राहून जातात. ते काढून टाकण्यासाठी संपूर्ण पात्र भट्टीत घालून ठरावीक तपमानापर्यंत तापवावे लागते, हळूहळू थंड करावे लागते आणि शेवटी दाब देऊन तपासावे लागते. एवढी भट्टी, एवढी यारी आणि एवढे कुशल हात कारखान्यात असतात. प्रकल्पाच्या माळरानावर ते उभे करणे फार कठीण. रोहित्राच्या पोटातील गाभा आणि तांब्याची वेटोळी हवेतील दमटपणाही सहन करीत नाहीत. म्हणून तेल काढल्यावर त्याच्या पोटात कोरडा नायट्रोजन वायू किंवा कोरडी हवा भरतात आणि अंगावर धक्के नोंदविणारे एक उपकरण बसवितात. मुक्कामी पोहोचल्यावर ते उपकरण वाचले जाते. वाटेत कोठे, केव्हा आणि किती जोराचा हिसका बसला, याची साक्ष ते देते. माणसे विसरतात किंवा लपवितात. उपकरण तसे करीत नाही.

या मालाचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे आपला नेहमीचा रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे महामार्गावरील पुलांसाठी चाकांच्या वाहनाचा जो एक प्रमाणभूत भार धरतात तो १०० टनांचा आहे. त्यापलीकडे ३८५ टनांच्या एका खास वाहनाचाही विचार आता त्या नियमांत केलेला आहे. मात्र त्याच्या अटी ऐकण्यासारख्या आहेत. ते वाहन पुलाच्या मधोमध चालावे, वेग ताशी पाच किलोमीटरहून कमी असावा आणि त्या वेळी पुलावर दुसरे कोणतेही वाहन नसावे. थोडक्यात, नववधूने माप ओलांडावे तशा हलक्या पावलाने त्याने पूल ओलांडायचा. अशा वाहनाला अनेक आस असतात. प्रत्येक आसावरील भार सारखा राहावा म्हणून तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा चाके आपोआप वर-खाली करते. रस्त्यात खड्डा असला तरी त्यावरचे एक चाक अधांतरी राहून शेजारच्यावर दुप्पट भार पडत नाही. जुना पूल हा भारही सोसणार नसेल तर त्याच्या शेजारी, नदीच्या पात्रातून, तात्पुरती वाट काढावी लागते. या वाटेविषयी मी पुढे बोलणार आहे. तिच्यातच माझ्या आजच्या विषयाचे मर्म आहे.

खुष्कीच्या मार्गाने काय होते याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातूनच निघालेले आहे. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी बनविलेले सुमारे सत्तर टनांचे एक ‘ऑटोक्लेव्ह’, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन अवकाशयानाचे भाग घट्ट करण्याची भट्टी, जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून चौऱ्याहत्तर चाकांच्या वाहनावर निघाली. ती मुक्कामी पोहोचली जुलै २०२० मध्ये. सुमारे सतराशे किलोमीटरांना एक वर्ष! दिवसाची सरासरी पाच किलोमीटरसुद्धा पुरती भरत नाही. वाटेत विजेच्या तारा उचलाव्या लागल्या, झाडांच्या फांद्या छाटाव्या लागल्या, रस्ते दुरुस्त करावे लागले; आणि मध्येच महामारीची टाळेबंदी आली. आपले वारकरीही यापेक्षा पुष्कळ लवकर पंढरीला पोहोचतात. या नगाचे वजन विशेष नव्हते. अडचण त्याच्या रुंदीची आणि उंचीची होती.

म्हणून या धंद्यातील पहिला धडा असा, की पाणी मिळाले तर पाणी धरा, मग ते कितीही वळसा घालून जावो. याचा सर्वांत नवलाचा दाखला जर्मनीत २००६ साली घडला. न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणाचे वस्तुमान मोजण्यासाठी कार्ल्सरूह येथील संशोधन केंद्राला एक प्रचंड निर्वात पात्र हवे होते. लांबी सुमारे तेवीस मीटर, व्यास दहा मीटर, वजन दोनशे टन. ते बनले डॅन्यूब नदीकाठच्या डेगेनडॉर्फ या गावी. दोन्ही गावांतील अंतर सुमारे चारशे किलोमीटर, म्हणजे आपल्याकडील एका रात्रीचा आगगाडीचा प्रवास. परंतु एवढा नग रस्त्याने जाणे अशक्य. आणि डॅन्यूबला ऱ्हाईनशी जोडणाऱ्या कालव्यातूनही तो मावेना. तेव्हा तो डॅन्यूबमधून उलट दिशेला, पूर्वेला सोडण्यात आला. तेथून काळा समुद्र, मग बॉस्फरसची सामुद्रधुनी, भूमध्य समुद्र, जिब्राल्टर, अटलांटिक महासागर, रॉटरडॅम आणि शेवटी ऱ्हाईन नदी उलटी चढून तो आपल्या शेजारगावी पोहोचला. साडेआठ हजारांहून अधिक किलोमीटरांचा हा वळसा दोन महिन्यांत पार पडला. शेवटचे काही किलोमीटर मात्र लेओपोल्डसहाफेन या लहान गावातून जावे लागले. घरांच्या भिंती आणि पात्र यांत जेमतेम काही सेंटिमीटरांचे अंतर उरत होते, आणि ते दृश्य पाहण्यास हजारो लोक रस्त्यावर लोटले होते. ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही म्हण आपण मूर्खपणासाठी वापरतो. येथे तो वळसाच शहाणपणाचा ठरला.

पाणी धरले म्हणजे चिंता मिटली असे मात्र नाही. अशा मालासाठी स्वतःच्या अंगावर दोन-तीन बलाढ्य याऱ्या बाळगणारी खास जहाजे असतात. त्यांतील मोठ्या जहाजांच्या दोन याऱ्या मिळून हजार टनांहून अधिक भार उचलतात. धोक्याचा क्षण येतो तो नग धक्क्यावरून सुटून हवेत लोंबकळू लागतो तेव्हा. त्या घडीला त्याचा भार यारीच्या शेंड्याशी टांगल्यासारखा जहाजावर परिणाम करतो, आणि जहाज कलू लागते. खांद्यावरच्या कावडीचे एक पारडे अचानक भरावे आणि माणूस कलंडावा, तसाच हा प्रकार. म्हणून नग जसजसा उचलला जाईल तसतसे जहाजाच्या पोटातील टाक्यांमधले पाणी एका कुशीतून दुसरीकडे पंपाने खेचीत राहावे लागते. यारी चालविणारा, पंपापाशी उभा असलेला आणि धक्क्यावरून खूण करणारा या तिघांचा ताल चुकून चालत नाही.

कधी कधी नग उचलीतच नाहीत. ट्रेलरसकट तो बार्जवर चालवीत नेतात. तेथे भरती-ओहोटीचे गणित येते. बार्जचा पृष्ठभाग आणि धक्का एका पातळीत असावे लागतात. ट्रेलरचा एकेक आस बार्जवर चढतो तशी बार्ज खाली बसू लागते, आणि तेवढेच पाणी तिच्या पोटातून बाहेर काढून तिला वर उचलावे लागते. चंद्राने आखून दिलेल्या तास-दीड तासात हे काम आटोपावे लागते. तेथे वशिला चालत नाही आणि मुदतवाढीचा अर्जही स्वीकारला जात नाही.

समुद्रात गेल्यावर जहाज डोलते. वादळी हवेत डोलण्यामुळे मालावर बाजूने येणारा जोर त्याच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहूनही अधिक होऊ शकतो. तीनशे टनांच्या नगावर दीडशे टनांचा आडवा रेटा, आणि तोही दर काही सेकंदांनी दिशा बदलणारा! म्हणून दोरखंड आणि साखळ्या यांखेरीज पोलादी ठोकळे जहाजाच्या तळपाटीला वितळजोडाने डकवून नगाला सर्व बाजूंनी अडवितात. मुक्कामी पोहोचल्यावर ते कापून काढावे लागतात. आपल्या किनाऱ्यावर तर नैऋत्य मोसमी पाऊस हा स्वतंत्रच अधिकारी आहे. त्याच्या कारकिर्दीत उघड्या किनाऱ्यावरची अशी कामे सहसा कोणी अंगावर घेत नाही.

कायद्याच्या बाजूनेही एक गंमत सांगण्यासारखी आहे. समुद्रमार्गे मालवाहतुकीचा आपला १९२५ चा कायदा १९२४ च्या आंतरराष्ट्रीय ‘हेग’ नियमांवर आधारलेला होता. मालाचे मूल्य आधी जाहीर केलेले नसेल तर जहाजवाल्याची जबाबदारी त्यात दर नगामागे शंभर पौंडांपुरतीच होती. चहाची पेटी हाही एक नग आणि तीनशे टनांचे यंत्र हाही एक नग! पुढे या कायद्यात दुरुस्ती होऊन नगामागे ६६६.६७ किंवा दर किलोमागे २ अशी ‘विशेष आहरण अधिकार’ या आंतरराष्ट्रीय हिशेबी चलनातील मर्यादा आली. दोहोंपैकी जी अधिक ती लागू. गणित करून पाहा. नगाच्या हिशेबाने सहाशे सहासष्ट, आणि वजनाच्या हिशेबाने त्याच यंत्राला सहा लाख. १९२५ च्या कायद्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली आहे. आमच्या खात्यातही असाच एक पेच होता. एखादा कारखाना परदेशातून येतो तो शेकडो खोक्यांतून, अनेक जहाजांतून, वर्ष-दोन वर्षे येत राहतो. प्रत्येक खोक्याची वेगळी जात आणि वेगळा कर लावीत बसलो तर कारखाना उभा राहण्याआधी फायलींचा डोंगर उभा राहील. म्हणून ‘प्रकल्प आयात’ या सदराखाली सर्व खोक्यांचा एकाच करारात विचार करण्याची सोय करण्यात आली. १९८६ चे विनियम त्यासाठीच आहेत. तुकड्यांतून येणाऱ्या वस्तूचे अखेरचे रूप ओळखावे, असे त्यामागचे तत्त्व आहे.

तुकडे करणे सर्वस्वी अशक्य नसते. मात्र ते कोठे करावेत हे कळावे लागते. सूर्याप्रमाणे अणुसंमीलनातून ऊर्जा मिळविण्याचा ‘इटर’ हा आंतरराष्ट्रीय प्रयोग फ्रान्समध्ये कादाराश येथे उभा राहत आहे. भारत त्याचा सभासद आहे. त्या यंत्राला बाहेरून वेढणारे ‘क्रायोस्टॅट’ हे अतिप्रचंड निर्वात पात्र भारताने दिले. उंची आणि रुंदी प्रत्येकी सुमारे एकोणतीस मीटर, वजन तीन हजार आठशे पन्नास टन. ते घडले सुरतेजवळ हजिरा येथे, लार्सन अँड टुब्रो कंपनीच्या किनाऱ्यावरील कारखान्यात. एवढे पात्र अखंड नेणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून त्याचे चोपन्न खंड करून ते जहाजाने भूमध्य समुद्रावरील फॉस बंदरात धाडण्यात आले. तेथून एका खाऱ्या सरोवरातून बार्जने आणि पुढे १०४ किलोमीटरांच्या खास सुधारलेल्या रस्त्याने ते कादाराशला गेले. त्या रस्त्यावरील पूल, चौक आणि वळणे आधीच मजबूत आणि रुंद करून ठेवलेली होती. वाहतूक रात्री होई, म्हणजे गावकऱ्यांचा दिवस मोडत नसे. आणि यंत्र येण्यापूर्वी, २०१३ साली, सिमेंटचे ठोकळे लादलेली आठशे टनांची गाडी त्या वाटेवरून चालवून पाहिली होती. क्रायोस्टॅटचे खंड तेथे पुन्हा जोडण्यात आले आणि साडेबाराशे टनांचा तळभाग मे २०२० मध्ये जागेवर उतरला. शेवटचे खंड त्याच वर्षी, ऐन महामारीत, हजिऱ्याहून निघाले.

या उदाहरणात वाटेचा विचार आधी झाला आणि यंत्र मागाहून आले. सर्वत्र तसे होत नाही. आता मी ज्या प्रवासाकडे वळणार आहे तो आपल्या शेजारचा आहे आणि मला तो सर्वांत बोधप्रद वाटतो.

त्रिपुरा राज्यात नैसर्गिक वायू सापडला होता. परंतु तो वाहून नेऊन विकण्याजोगी बाजारपेठ जवळ नव्हती. म्हणून त्या वायूपासून तेथेच वीज करावी असे ठरले आणि उदयपूरजवळ पालाटाणा येथे ७२६ मेगावॉटचे वीजकेंद्र योजण्यात आले. त्यातील काही नग तीनशे टनांच्या घरातले. ते तेथे पोहोचावे कसे? फाळणीने त्रिपुराला तीन बाजूंनी परदेशाने वेढले आहे. कोलकात्याहून आपल्याच हद्दीतून जायचे तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून आसामात शिरून, मेघालयाचे डोंगर ओलांडून, सोळाशे किलोमीटरांहून अधिक चालावे लागते. आणि त्या घाटांत दरडी कोसळणे नित्याचे. आगरतळ्यापर्यंत आलेली आगगाडीही त्या काळी मीटर गेजची होती. बांगलादेशातून मात्र हेच अंतर पुष्कळ कमी, आणि त्यातील बहुतेक पाण्यावरून.

दोन्ही देशांत १९७२ पासून नदीमार्गाच्या वापराचा करार होता. जानेवारी २०१० मध्ये शेख हसीना दिल्लीला आल्या, तेव्हा मेघना नदीवरील आशुगंज हे ठाणे या कामासाठी खुले करण्याचे ठरले. २०११ पासून नग बार्जवरून आशुगंजला येऊ लागले. तेथून आखाउडा सीमेपर्यंतचा रस्ता जेमतेम पन्नास किलोमीटरांचा. परंतु त्या रस्त्यावरचे पूल तीनशे टनांचे ओझे घेणारे नव्हते. तेव्हा पुलांशेजारी पाण्यातच भराव टाकून तात्पुरत्या वाटा करण्यात आल्या. अशी एक वाट तितास नदीच्या पात्रातून गेली.

तितास ही केवळ नकाशावरची रेघ नव्हे. तिच्याच काठी कोळ्यांच्या वस्तीत जन्मलेले अद्वैत मल्लबर्मन यांनी बंगालीत तिच्यावर कादंबरी लिहिली, आणि ऋत्विक घटक यांनी १९७३ साली त्या कादंबरीचा चित्रपट केला. बंगाली माणसाला ती नदी घरातल्या माणसासारखी परिचित आहे. भरावामुळे तिचा प्रवाह अडला. पाण्याला वाट म्हणून खाली नळ घातलेले होते. पण नदीला नळ पुरत नाहीत. नावा अडल्या, मासेमारी अडली, काठच्या शेतांच्या पाण्याची घडी विस्कटली. ढाक्यातील वृत्तपत्रांत टीका झाली, निदर्शने झाली, आणि शेजारी राष्ट्राच्या यंत्रासाठी आमची नदी का बुजविली, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला. पुढे भराव काढण्यात आले.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २१ जून २०१३ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी पालाटाण्याच्या पहिल्या संचाचे उद्घाटन केले. दुसरा संच १ डिसेंबर २०१४ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. ईशान्येकडील राज्यांना त्यातून वीज मिळू लागली. आणि २३ मार्च २०१६ रोजी त्रिपुरातून बांगलादेशातील कुमिल्ल्याकडे शंभर मेगावॉट वीज वाहू लागली. ज्या भूमीने यंत्राला वाट दिली तिच्या घरांतही त्या विजेचे दिवे लागले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये आसामातील नुमालीगढच्या प्रकल्पासाठी अवजड नग हल्दियाहून बांगलादेशातील नद्यांमधून ब्रह्मपुत्रेवरील सिलघाटला सुखरूप पोहोचले. या वेळी मार्गाचा जवळजवळ सारा भार नदीने स्वतःच्या अंगावर वाहिला. तिला बांध घालावा लागला नाही.

मित्रहो, आता मला जे सुचवायचे आहे ते थोडक्यात सांगतो. पालाटाण्याची वीज आवश्यक होती याविषयी मला शंका नाही. शेजाऱ्याने दिलेली वाट हे दोन देशांतील विश्वासाचे मोठे उदाहरण आहे, याविषयीही नाही. परंतु तितासच्या कोळ्याने ज्या हंगामात जाळे कोरडे ठेवले, त्या हंगामाचा हिशेब कोणत्या खर्चपत्रकात मांडला गेला? यंत्राची किंमत निविदेत असते. जहाजभाडे, विमा आणि कर यांचे आकडे असतात. तोडलेल्या फांद्या आणि उचललेल्या तारा यांचेही देयक निघते. वाटेवरच्या माणसाचे नुकसान मात्र ‘किरकोळ’ या सदरातसुद्धा सहसा आढळत नाही. यंत्र पोहोचल्यावर सर्वांचे डोळे यंत्राकडे लागतात, आणि मोडलेली वाट पाठीमागे राहते.

म्हणून तीन गोष्टी आवश्यक वाटतात. कारखान्याची जागा ठरविताना त्याच्यात बसणारा सर्वांत मोठा नग कोणत्या वाटेने येईल, हा प्रश्न शेवटी न विचारता प्रारंभीच विचारावा. हजिऱ्याच्या कारखान्याला पाण्याचा शेजार आहे तो काही योगायोगाने नव्हे. दुसरे असे, की वाट करण्याच्या खर्चाबरोबर ती पूर्ववत करण्याचा खर्च आणि मधल्या काळात ज्यांची भाकरी अडली त्यांची भरपाई, ही दोन्ही कलमे करारातच असावीत. आणि देशाची सीमा ओलांडून माल जात असेल तेव्हा तर हे अधिकच कटाक्षाने पाळावे, कारण पलीकडच्या माणसाला आपल्या कचेरीत दाद मागता येत नाही. तिसरे, एवढा खर्च करून केलेली वाट एका यंत्रापुरती नसावी. फ्रान्समधील त्या रस्त्याचे पूल कायमचे मजबूत झाले आहेत. आपल्याकडेही नव्या पुलांचे आराखडे करताना जडातील जड वाहनाचा विचार होऊ लागला आहे, हे सुचिन्ह आहे.

या कामातील माणसांविषयी दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. एवढ्या प्रचंड व्यवहारात ज्यांची नावे कोठेही छापली जात नाहीत असे अनेकजण असतात: ट्रेलरच्या मागे पायी चालत प्रत्येक चाकावर नजर ठेवणारे मदतनीस, लांब काठीने विजेची तार वर उचलून धरणारा तारतंत्री, अंधारात नदीचा गाळ चाचपीत बार्ज नेणारा सुकाणूवाला आणि साखळीची कडी न् कडी तपासणारा खलाशी. तिरुअनंतपुरमला गेलेल्या त्या वाहनाबरोबरची माणसे वर्षभर घराबाहेर होती. त्यांच्यातही कुणाचे सण रस्त्याच्या कडेला झाले असतील. घरापासून दूर राहून काम करणे म्हणजे काय, हे या सभागृहात बसलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या शहराने, येथील तेलुगू बांधवांनी आपल्याला वाट दिली, घरे दिली, शेजार दिला. आपल्या गणपतीच्या मिरवणुकीसाठी रस्ता मोकळा करून दिला. आपण येथे येताना आपली भाषा, आपले सणवार आणि आपली नाटके अखंड घेऊन आलो, ती तुकडे न करता आणता आली याचे श्रेय त्या शेजाराला बरेच आहे. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच मंडळाने सुवर्णमहोत्सवाचे कार्यक्रम आखले आहेत, आणि येथील शाळकरी मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवताना भाषेची अट घातलेली नाही, हे ऐकून मला विशेष समाधान वाटले.